वायसर

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात पाणी येतं ते मोठ्या रूपात. मोहेंजोदडोचं स्नानगृह, औरंगाबादची नहर, पुढे भाक्रा-नानगल, कोयना. मी वाशीम भागातल्या शाळांमधून तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. हे सगळं फळ्यावर लिहून दिलं, प्रश्नोत्तरं घोकून घेतली. पण आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या, त्यातही बाईमाणसाच्या आयुष्यावर ज्या एका वस्तूने धरणांपेक्षाही जास्त सत्ता गाजवली, तिचं नाव मला एकाही पुस्तकात सापडलं नाही. ती वस्तू म्हणजे वायसर!

हसू नका. शहरातल्या मंडळींना वायसर म्हटलं की नळाच्या तोटीतली रबराची चकती आठवते. मूळ शब्द इंग्रजी ‘वॉशर’. कुठे वाशर, कुठे वायसर. मी सांगतो आहे ते हापशीतलं वायसर. चामड्याची छोटी वाटीच म्हणा ना, मधे भोक असलेली. हातात घेतली तर लहान मुलाच्या भातुकलीतली वाटेल. पण गावाचं पाणी चालू की बंद, हे ती ठरवायची.

आधी ती काम कशी करते ते सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास नीट कळेल. हापशीचा दांडा वर असतो, साखळी असते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. साखळीला लोखंडी गज जोडलेले असतात, ते पाईपाच्या आतून खोल बोअरमध्ये जातात. सर्वात खाली पितळी अस्तराचं नळकांडं असतं. त्यात एक दट्ट्या वरखाली होतो. या दट्ट्यावर आपली चामड्याची वाटी बसवलेली असते, तोंड वर करून. दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो. वाटीत साठलेल्या पाण्याचा भार वाटीच्या कडा नळकांड्याच्या भिंतीला घट्ट दाबून धरतो. पाणी जेवढं जड, तेवढी कड घट्ट. किती साधी आणि किती हुशार युक्ती! पण कड भिंतीला घासते म्हणजे ती झिजणारच. त्यात पाण्याबरोबर बारीक कच आली तर लवकर झिजते. उन्हाळ्यात पाणी नळकांड्याच्याही खाली गेलं तर चामडं वाळतं, आकसतं, चिरतं. मग दांडा मारत बसा, पाणी येत नाही.

दट्ट्याचा पंप काही आजचा नाही. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टेसिबियसने तसा पंप केल्याचं वर्णन रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवलं आहे. पण दट्ट्या वर ठेवून खालचं पाणी ओढून घ्यायला एक मर्यादा आहे. सतराव्या शतकात गॅलिलिओच्या काळात लोकांना कोडं पडलं होतं, की ओढपंपाने पाणी साधारण दहा मीटरच्या वर का चढत नाही? १६४३-४४ च्या सुमारास त्याचा शिष्य टॉरिचेली याने उत्तर दिलं. पाणी पंप ओढत नाही, बाहेरच्या हवेचा भार ते वर ढकलतो. आणि हवेचा भार तेवढाच आहे.

आता या इटालियन गोष्टीचा वाशीमशी काय संबंध? फार जवळचा आहे. आपला जिल्हा बसला आहे तो काळ्या पाषाणाच्या पठारावर. पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्या आपल्याच उंचवट्यावरून पाणी घेऊन बाहेर जातात. आपल्याकडे पाणी थांबत नाही. जे मुरतं ते पाषाणाच्या भेगांत, खोल. तिथलं पाणी वर बसवलेल्या पंपाने येणं शक्यच नाही. दट्ट्या पाण्यापाशी खाली न्यावा लागतो. म्हणजेच झिजणारी वस्तू गावापासून वीस, तीस, चाळीस मीटर खाली, अंधारात. या एका गोष्टीतून पुढचं सगळं रामायण घडलं.

त्याआधी पाण्याचं यंत्र म्हणजे मोट. तीही चामड्याचीच. म्हशीचं कातडं, नाडा, सोल, चाक, धाव आणि बैलजोडी. मोट फाटली की गावातला चांभार ती शिवून द्यायचा, सुगीच्या वेळी खळ्यावर त्याचं बलुतं ठरलेलं असायचं. बलुतेदारीत अन्याय भरपूर होता, ते पुढे येईलच. पण दुरुस्तीपुरतं पाहिलं तर एक गोष्ट लक्षात घ्या. बिघडणारी वस्तू डोळ्यांसमोर होती आणि ती दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. पुढे विहिरींवर ऑइल इंजिनं आली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. त्या इंजिनांच्या जोरावर मोटा हळूहळू गोठ्याच्या आढ्याला टांगल्या गेल्या. पण इंजिन शेताला. पिण्याच्या पाण्यासाठी बाई विहिरीच्या काठावरच उभी होती, दोर आणि बादली घेऊन.

मग आला १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा बी. ए. ला होतो. माझ्या वयाच्या माणसाला मिलो ज्वारीची लाल भाकरी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामं यांविषयी वेगळं सांगायला नको. मुख्यमंत्री होते आपल्या शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, हे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते हे, की त्याच काळात आपल्या पाषाणात बोअर घेणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. दाबलेल्या हवेवर चालणारा हातोडा भोकाच्या तळाशी जाऊन खडक फोडतो, अशी ही यंत्रं. १९६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रं आणली होती. सुरुंग लावून विहीर खणायला महिने जायचे, तिथे आता एक-दोन दिवसांत बोअर होऊ लागलं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही १९७२ चीच. सरकारी कागदात त्या बोअरला ‘विंधन विहीर’ असं भारदस्त नाव मिळालं. लोक म्हणाले बोअर, आणि वरच्या पंपाला म्हणाले हापशी.

पण झालं काय, बोअर नव्या तंत्राचं आणि पंप जुना! बिडाच्या लोखंडाचे ते पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या धर्तीवर केलेले. एका कुटुंबाने दिवसातून पाच-दहा वेळा वापरायचे. आपल्याकडे त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. दांड्याची खीळ झिजायची, बीड तडकायचं, वायसर जायचं. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश बंद आढळले. चारातले तीन! म्हणजे कोट्यवधी रुपये खर्चून जमिनीला भोकं पाडली आणि पाणी खालीच राहिलं.

आता गंमत बघा. याचं उत्तर दिल्लीहून किंवा लंडनहून आलं नाही. वाशीमहून मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा करत सरळ गेलं की जालना लागतं. तिथे स्कॉटिश मिशनची मंडळी दुष्काळी गावांसाठी बोअर घेत होती. तेच पंप पुनःपुन्हा दुरुस्त करून ती कंटाळली आणि बिडाऐवजी पोलादाचा, अनेक खिळ्यांऐवजी एकाच आसावर फिरणारा पंप तिथे तयार झाला. त्याला नाव पडलं जालना पंप. अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशनमध्ये असेच प्रयत्न झाले. (त्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे.) सोलापूरच्या वेल सर्व्हिसने त्यात आणखी सुधारणा केली, साखळी आणि बॉल बेअरिंग बसवलं. हा सोलापूर पंप. म्हणजे आज सगळं जग ज्या पंपाचं पाणी पितं, त्याचं मूळ जालना, वडाळा, सोलापूर अशा आपल्या अवर्षणाच्या मुलखातल्या कारखान्यांत आहे. गरज ही शोधाची जननी असं आपण निबंधात लिहितो, ते असं.

सोलापूर पंपाचा आधार घेऊन केंद्र सरकार, युनिसेफ, मद्रासची यांत्रिकी संशोधन संस्था मेराडो आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून नवा पंप आखला. १९७६-७७ मध्ये कोइमतूर भागातल्या खोल बोअरवर त्याची परीक्षा झाली आणि १९७७ पासून उत्पादन सुरू झालं. हाच तो ‘इंडिया मार्क टू’. अटी साध्या होत्या. वर्षभर मोडता कामा नये, साध्या कारखान्यात बनवता यावा, किंमत आवाक्यात असावी. सर्वात मोठी गोष्ट म्हणजे त्याचं पेटंट कोणी घेतलं नाही. १९७९ मध्ये भारतीय मानक ठरलं, पुढे डझनावारी कारखाने तो बनवू लागले आणि तो आफ्रिकेपर्यंत गेला. आज जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांत त्याची गणना होते. आपल्या शाळेच्या पटांगणातली हापशी ही जागतिक कीर्तीची वस्तू आहे, हे आम्ही मास्तरांनी मुलांना कधी सांगितलंच नाही!

पण मार्क टूच्या पोटात एक अडचण राहिली होतीच. वरचा सांगाडा मजबूत झाला, वायसर मात्र होतं तिथेच, खोल. ते बदलायचं तर सगळा पाईप उपसून काढायचा. हिशेब सांगतो. तीस मीटरवर नळकांडं असेल तर तीन-तीन मीटरचे दहा पाईप, तेवढेच गज, खालचं नळकांडं, आणि आत अडकलेलं पाणी. दीडशे किलोच्या घरात वजन होतं. तिपाई लागते, पाईप धरायचे चिमटे लागतात, मोठे पाने लागतात, चार-पाच माणसं लागतात आणि हे सगळं आणायला गाडी लागते. ती गाडी असायची तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला. काही रुपयांचं वायसर आणि त्याच्यासाठी गाडी, डिझेल, चार माणसांचा दिवस! बलुत्यातला चांभार हाकेच्या अंतरावर होता. आता दुरुस्ती अर्ज केल्यावर येणार होती.

मी नोकरी केली त्या एका गावात दुरुस्ती पथक आलं, तेव्हा मी मुलांना मुद्दाम बाहेर नेऊन दाखवलं होतं. पाईपामागून पाईप निघत होते, मुलं मोजत होती. शेवटी मिस्त्रीने दट्ट्या उघडला आणि कडा विरलेली, काळी पडलेली वाटी माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, “काई नाई जी गुरुजी, वायसर गेलं फक्त.” त्याच्या दृष्टीने खरोखर काही नव्हतं. अर्ध्या दिवसाचं काम. गावाने मात्र त्या ‘फक्त’साठी कित्येक आठवडे शिवारातल्या विहिरीवर चकरा मारल्या होत्या.

इतिहासाला साधनं लागतात असं आम्ही शिकवतो. ताम्रपट, शिलालेख, बखरी. आपल्या वाशीमचंच वत्सगुल्म हे जुनं नाव आणि वाकाटकांची राजधानी, हे सगळं अशाच साधनांवरून कळलं. वायसराच्या इतिहासाचं साधन कोणतं? माझ्या मते शाळेचा हजेरीपट. हापशी बंद पडली की वरच्या वर्गांतल्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरीची फुली दिसायला लागायची. आधी एक दिवसाआड, मग सलग. मुलांच्या रकान्यात फरक नसायचा. हापशी सुरू झाली की बऱ्याच मुली परत यायच्या, एखादी यायची नाही. विचारलं तर उत्तर, “तिचं लगन ठरलं जी.” लग्न काही वायसरामुळे ठरत नाही, हे मला कळतं. पण शाळेची सवय एकदा सुटली की घरातल्यांना दुसरं सुचायला वेळ लागत नाही, हेही मी पाहिलं आहे.

आणि हापशी एकदम बंद पडते असं नाही. ती आधी महिनोन् महिने थकत जाते. मुलांना मी गणित घातलं होतं, तुम्हीही करून पाहा. मार्क टूच्या नळकांड्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर, दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर. म्हणजे एका हापशाला ४०० मिलिलिटरच्या आत-बाहेर पाणी. चाळीस हापशांत पंधरा-सोळा लिटर, एक मोठी घागर. वायसर अर्धं झिजलं की त्याच घागरीला ऐंशी हापसे. दिवसाला आठ घागरी धरल्या तर ३२० ऐवजी ६४०. सरकारी तक्त्यात मात्र ही हापशी ‘चालू’ या रकान्यातच असते! बाईच्या खांद्यातून, पाठीतून गेलेले ते जास्तीचे ३२० हापसे कुठल्याही रकान्यात बसत नाहीत.

या चामड्याच्या वाटीत आणखी एक इतिहास दडलेला आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चामडं कमावणारा माणूस अस्पृश्य आणि चामड्याच्या मोटेचं पाणी शुद्ध, हा आपला जुना हिशेब. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तो पाण्याचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडलं. अस्पृश्यता संविधानाने संपवली. तरी माझ्या नोकरीच्या गावांत गावाची हापशी वेगळी आणि वस्तीची वेगळी, हे मी पाहिलं आहे. वस्तीतली बिघडली की तिथल्या बाया गावातल्या हापशीवर येऊन जरा अंतर राखून उभ्या राहायच्या. कोणी स्पष्ट काही बोलायचं नाही, पण त्यांचा नंबर शेवटी. आणि आत बोअरमध्ये, सगळ्यांच्या पाण्यात बुडालेलं, प्रत्येक थेंबाला शिवून वर पाठवणारं काय होतं? चामडंच! वायसराला विटाळ कळत नव्हता. वर उभ्या असलेल्या शिकलेल्या माणसांना तो कळत होता. मिस्त्रीने ती वाटी माझ्या हातावर ठेवली तेव्हा आजूबाजूला बरीच मंडळी होती. कोणाच्या मनात काय आलं कोण जाणे. मला मात्र इतिहासाचा एक अख्खा धडा हातात असल्यासारखं वाटलं होतं.

असो. पुढचा भाग समाधानाचा आहे. ऐंशीच्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या पाणी दशकात (१९८१ ते १९९०), पुन्हा कोइमतूर भागातच पंपांवर प्रयोग झाले. जमिनीखालच्या दुरुस्त्यांत मुख्य दुखणं वायसराचंच निघालं. चामड्याऐवजी नायट्राइल रबराची वाटी लावली, ती कितीतरी जास्त टिकली. हे रबर तेलापाण्याला दाद देत नाही. दुसरी युक्ती त्याहून मोठी. पाईपच नळकांड्यापेक्षा किंचित रुंद घेतला, म्हणजे सगळे पाईप न उपसता नुसत्या गजांबरोबर दट्ट्या वर ओढून घेता येतो. हा ‘मार्क थ्री’. दोन-तीन माणसं, मोजके पाने, गाडीची गरज नाही. त्यामागचा विचार असा, की यंत्र नुसतं मजबूत असून भागत नाही, ते वापरणाऱ्याच्या हाताने दुरुस्त होण्यासारखं हवं. मोटेच्या काळातली एक चांगली गोष्ट फिरून परत आली म्हणायची, बलुत्याचा जाच वगळून.

हा नियम हापशीपुरता नाही. कोकणातल्या मच्छीमाराला विचारा. बोटीच्या इंजिनाला गार ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी ओढणारा छोटा पंप असतो, अनेक बोटींत त्यात रबराचा पंखा असतो. त्याच्या पाकळ्या झिजल्या की इंजिन तापतं. म्हणून जाणता माणूस सुटा पंखा आणि पाना बोटीवरच ठेवतो, कारण समुद्रात मिस्त्री मिळत नाही. मे महिन्यातलं आपलं पठार आणि भर समुद्र यांत मला फार फरक वाटत नाही. दोन्हीकडे मदत लांब असते.

मार्क थ्री आला तरी जुन्या मार्क टू हापशा वर्षानुवर्षं होत्या तशाच राहिल्या. आता जमाना नळाचा आहे. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं, घरोघरी नळ देण्याचं. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. फार चांगली गोष्ट आहे. दांडा मारून खांदे भरून आलेल्या पिढीला नळाचं महत्त्व मी काय सांगणार! पण नळ म्हणजे मोटर, व्हॉल्व, पाईपाचे सांधे आणि तोटीतली चकती. प्रत्येक ठिकाणी काहीतरी घासतं आहे, झिजतं आहे. योजनेच्या फलकावर उद्घाटनाची तारीख असते. वायसर कोण बदलणार, ते कुठे मिळेल आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून, हे फलकावर लिहिण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

उभारणीचा इतिहास लिहिला जातो, दुरुस्तीचा नाही. कारण उभारणी एकदाच होते आणि तिला पाहुणे बोलावता येतात. दुरुस्ती पुनःपुन्हा होते आणि ती नीट झाली तर काहीच घडत नाही. पाणी येत राहतं, मुलगी शाळेत येत राहते, हजेरीपटावर फुली पडत नाही. काहीच न घडण्याचा इतिहास लिहायचा तरी कसा? पण गावाचं बरं चाललं आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की कोणीतरी वेळेवर वायसर बदललं आहे.

यापुढे गावाकडे गेलात आणि हापशी अजून चालू असेल, तर एक काम करा. घागर भरेपर्यंत हापसे मोजा. चाळीसच्या आसपास भरली तर पाणी पिऊन पुढे जा. साठ-सत्तर लागले, तर ग्रामपंचायतीत जाऊन सांगा, की हापशी चालू आहे म्हणून थांबू नका, वायसर आताच बदला.